खडीचं वळण

सुनेचा बूट उलटा करून आपटल्यावर त्यातून खडीचे तुकडे पडले. एक जागच्या जागी राहिला, दुसरा घरंगळत पलंगाखाली गेला. बाईंनी गुडघ्यांची कुरकुर बाजूला ठेवून तोही बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. धारदार, निळसर, नुकत्याच फोडलेल्या दगडाचा तुकडा होता.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. सून अंघोळीला गेली होती.

"आई, माझा टॉवेल बाहेर राहिलाय का हो?"

"आहे. देते."

टॉवेल देताना बाईंनी दाराच्या फटीतून आलेला हात पाहून घेतला. कोपराखाली ताजं खरचटलं होतं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

सून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती. दारापासून बसथांब्यापर्यंत डांबरी रस्ता, थांब्यावरून थेट दवाखान्याच्या फाटकात बस, आणि आत तर पाय घसरावा अशी गुळगुळीत फरशी. मग बुटात खडी आली कुठून?

हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या सासूला पडला नसता. पण बाईंचं सगळं आयुष्य अशा प्रश्नांवर गेलं होतं. घड्याळांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्या फाटकावर होत्या. पाळी सुटली की बायका रांगेने यायच्या, दोन्ही हात वर करायच्या आणि बाई त्यांना चाचपायच्या. पितळी चक्रं, स्प्रिंगा, नखाएवढे काटे. कुणी अंबाड्यात लपवायची, कुणी डब्याच्या झाकणात, एकीने तर गालात धरून नेलं होतं. बाईंच्या हाताखालून काही सुटत नसे. कारखान्यात त्यांना झडतीबाई म्हणत आणि पुढे गल्लीतही तेच नाव पडलं. त्यांची रीत ठरलेली होती. जी गप्प जाते तिला जाऊ द्यायचं, जी हसून बोलते तिचा डबा आधी उघडायचा. सख्खी बहीण त्याच कारखान्यात लागली तेव्हा तिचीही रोज झडती घेतली. बहिणीने बोलणं टाकलं, पण बाईंनी रीत टाकली नाही.

मुलगा लहान होता तेव्हा शाळेतून आल्यावर आपणहून दारात हात वर करून उभा राहायचा. "घे झडती," म्हणायचा, आणि काखेत हात गेला की गुदगुल्या होऊन खिदळायचा. बाईंसमोर हात वर करून हसणारा तेवढा एकच.

तो मुलगा आता नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कामावर होता. डोंगरावरच्या वस्तीला पाणी चढवणारे पंप तो आणि त्याचा जोडीदार फिटर मिळून सांभाळत. दोघे आपापल्या मोटारसायकलवर जायचे. एका दुपारी फिटर एकटाच परत आला. खडीवरून गाडी घसरली, मुलगा कठड्याच्या दगडावर आदळला, असं त्याने सांगितलं. फिटरच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

ते बाईंना कधी पटलं नाही. रोजचा रस्ता, पायाखालचा, हातची गाडी. खडी काय आज पडली होती तिथे? कुठेतरी पाणी मुरत होतं. दोघांची शर्यत लागली असेल, याने कट मारला असेल, नाहीतर कुणाच्या ट्रकने उडवलं आणि याने तोंड बंद ठेवलं असेल. फिटर भेटायला आला तेव्हा बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावलं. पुन्हा आला, पुन्हा लावलं. दाराआडूनच सांगितलं, "त्याची गाडी मोडीत घाल. माझ्या नजरेसमोर नको." त्यानंतर तो आला नाही.

घरात राहिल्या दोघी. सून माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. का गेली नाही, याचाही बाईंना अधूनमधून संशय यायचा.

त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज फार उशीर झाला गं?"

"पेशंट होते."

"आणि हाताला काय झालं?"

"स्ट्रेचरला घासला."

सून मान खाली घालून जेवत राहिली. लोखंडाला घासलं की कातडीवर रेघ उठते. हे ठिपक्याठिपक्यांचं होतं, रस्त्यावर पडल्यासारखं. पण चोराला आधी हटकायचं नसतं, त्याला फाटकापर्यंत येऊ द्यायचं असतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सून म्हणाली, "आज जादा ड्यूटी आहे," आणि म्हणताना हसली. तिथेच बाईंचं ठरलं. सून केस विंचरत होती तेवढ्यात त्यांनी तिची पिशवी चाचपली. जाड हातमोजे, मुरगळल्यावर बांधायची दाबपट्टी, पाण्याची बाटली. सगळ्याला पेट्रोलचा वास. डबा होता, पण एका माणसाच्या मानाने जड. सून निघाली आणि तिच्या पाठोपाठ अंतर ठेवून बाईही निघाल्या.

बसमध्ये गर्दी होती. बाई मागच्या दाराने चढल्या आणि एका लठ्ठ माणसाच्या आडोशाला उभ्या राहिल्या. दवाखान्याचा थांबा आला, गेला. सून उतरली नाही. शहर संपलं, गोदामं संपली, बस रिकामी होत गेली. बाई सीटच्या पाठीआड वाकून बसल्या. शेवटच्या थांब्यावर सून उतरली तेव्हा बाईंना कुठे आलो ते विचारायचीही गरज नव्हती. वीटभट्टीचं धुराडं खिडकीतून दिसत होतं. तिथे डांबर संपायचं आणि डोंगरावर जाणारी खडी सुरू व्हायची. मुलगा गेल्यापासून बाईंनी इकडे पाऊल टाकलं नव्हतं.

भट्टीबाहेर विटांचा ढीग होता. बाई उतरून त्याच्यामागे उभ्या राहिल्या.

रस्त्याच्या कडेला फिटर उभा होता. त्याच्याजवळ लाल टाकीची मोटारसायकल होती. टाकीवर पोचा होता, आरसा नवा बसवला होता, पण गाडी तीच होती. सुनेने पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला, हातमोजे चढवले, हेल्मेट घातलं आणि मुलाच्या गाडीवर मुलासारखी टांग टाकून बसली.

"हवा थोडी कमी केलीय दोन्ही चाकांतली," फिटर म्हणाला. "टायर पसरून धरतो. पण डांबरावर गेलात की पुन्हा भरून घ्यायची, विसरायचं नाही."

गाडी सुरू झाली. खडीवर येताच ती एखाद्या अडेल जनावरासारखी डुलायला लागली. सून पाय ठेवायच्या पायटांवर जरा उठून उभी राहिली. मागून फिटर पळत ओरडत होता.

"हात सैल, वहिनी! हँडल आवळू नका. ती डुलणार, डुलू द्या. तुम्ही भांडलात तर ती भांडेल!"

"घसरतंय हो भाऊजी!"

"घसरू दे! समोर लांब बघा, चाकापुढे नाही. ट्रकच्या चाकोरीतून चला, मधल्या ढिगावर जाऊ नका. आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात पुढच्या ब्रेकला बोट नाही लावायचं, अजिबात नाही!"

सून थोडं वर जाऊन वळून परत आली. गाडी थांबवून हेल्मेट काढलं आणि हसली. मोकळं, दात दाखवून. इतक्या दिवसांत हे हसू बाईंना घरात दिसलं नव्हतं. इथे दिसत होतं, या माणसासमोर.

बाई ढिगामागून बाहेर आल्या.

"झालं का शिकून?"

सुनेच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. फिटर जागच्या जागी ताठ झाला. "मावशी..."

"मावशी म्हणू नकोस मला. ही गाडी मोडीत घाल म्हणून सांगितलं होतं."

"नाही घातली. हात धजेना."

"हात धजेना! आणि मित्राच्या बायकोला तिच्यावर बसवायला बरा धजला? डबेसुद्धा चाललेत घरून!"

"आई, त्यांना बोलू नका," सून मध्ये आली. "ते नकोच म्हणत होते. मी मागे लागले. माझी बदली झालीय."

"कुठे?"

सुनेने डोंगराकडे बोट केलं. "वस्तीवरच्या दवाखान्यात. महिनाअखेरीला हजर व्हायचंय."

"आणि ते मला असं कळतंय! तिकडे नर्सला राहायला खोली देतात ना?"

"देतात."

"म्हणजे घर सोडायचं ठरलंय. ताकास तूर लागू दिली नाहीस. वर खोली आहे, आणि याचे पंपही वरच आहेत. बरं जुळलंय."

फिटरने मान खाली घातली. सुनेचा चेहरा लाल झाला, पण तिचा आवाज चढला नाही.

"खोली नको म्हणून लिहून दिलंय मी, आई. बस वर जात नाही. रोज संध्याकाळी घरी यायचं तर हाच रस्ता आहे. म्हणून शिकतेय."

"घरी कशाला यायचं?"

"कशाला म्हणजे? तुम्ही आहात ना घरी."

बाईंच्या वाट्याला सरळ उत्तरं कमीच आली होती. त्यांनी हेही मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं, तळाशी काही चिकटवलंय का ते बघितलं. काही हाताला लागेना.

"मग लपवलंस का?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंत या रस्त्यावर?"

बाई फिटरकडे वळल्या.

"तू त्या दिवशी पुढे होतास की मागे?"

"पुढे."

"आणि तुला काही दिसलं नाही."

"धुरळा असतो मावशी. मागच्याने अंतर ठेवूनच यायचं असतं. आवाज आला म्हणून थांबलो, तोवर..."

"मला ती जागा दाखव."

"तिथे बघण्यासारखं काही नाही."

"तेच बघायचंय मला."

फिटरने चढाकडे पाहिलं, मग बाईंच्या गुडघ्यांकडे. "चालत नाही जमायचं. माझ्या गाडीवर बसा, हळू नेतो."

"तुझ्यामागे मी बसायची नाही." बाईंनी सुनेकडे बोट केलं. "ही नेईल."

सून आणि फिटरने एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी तेही टिपलं.

"वहिनींनी अजून मागे माणूस घेऊन चालवली नाही, मावशी. खडीवर ते फार वेगळं..."

"रोज जायची-यायची भाषा करते आणि मला एवढ्या अंतरावर नेता येत नाही? का मी ती जागा बघू नये असं वाटतंय?"

शेवटी फिटरने आपलं हेल्मेट बाईंच्या डोक्यावर चढवून पट्टा लावून दिला. त्याची बोटं हनुवटीखाली चालत होती तोवर बाईंनी श्वास रोखून धरला.

"नीट ऐका," तो म्हणाला. "मागे बसणाऱ्याने काही म्हणजे काही करायचं नसतं. तेच अवघड असतं. अंग सैल ठेवायचं, वहिनी जिकडे कलतील तिकडे कलायचं. तुम्ही तोल सावरायला जायचं नाही, पाय खाली टाकायचा नाही, खांद्यावरून वाकून पुढे बघायचं नाही."

"पुढे बघायचंसुद्धा नाही?"

"त्या बघताहेत ना."

गाडी निघाली. पत्र्यावर मणी ओतावेत तसा खालून आवाज येत होता आणि बुडाखाली सगळं हलत होतं. बाईंना वाटलं, आपण कशावर तरी बसलोय असं नाहीच, कुणीतरी आपल्याला ओंजळीत धरून चाळतंय. ही बरोबर चालवतेय कशावरून? मधल्या खडीच्या ढिगाकडे तर नेत नाही? बाई वाकून सुनेच्या खांद्यावरून पाहू लागल्या.

पुढे वळण होतं. कठडा होता, फिटरने सांगितलेला तोच. वळणाच्या पोटात ट्रकांनी उडवलेली सुटी खडी साचली होती. सुनेने आधीच वेग उतरवला होता. माणूस पळत गाठेल एवढीच गाडी चालली होती. ती कठड्यापासून दूर, आतल्या बाजूला कलली. बाईंना खडी आपल्याकडे येताना दिसली आणि त्यांनी साऱ्या अंगाने उलट्या बाजूला ओढ घेतली, सुनेचा दंड गच्च धरून.

हँडल आडवं झालं. पुढचं चाक निघून गेलं.

फार मोठं काही झालं नाही. दोघी खडीवर बसल्यासारख्या पडल्या आणि थोड्या घसरत गेल्या. गाडी पलीकडे आडवी झाली आणि बंद पडली. मग शांत झालं, फक्त मागचं चाक फिरत राहिलं.

बाईंनी मागे पाहिलं. खडीत चाकाची वळवळती खूण उमटली होती. ट्रक नव्हता. कुणी कट मारला नव्हता, कुणी ढकललं नव्हतं. क्षणापूर्वी रस्ता खाली होता आणि मग नव्हता. याच्यापेक्षा मोठं काही घडावं लागत नाही, हे बाईंना बसल्या जागी समजलं.

"हलू नका आई. कुठे दुखतंय?"

सुनेने हातमोजे काढून फेकले. तिचे हात बाईंच्या मानेवरून, खांद्यांवरून, बरगड्यांवरून, गुडघ्यांवरून घोट्यांपर्यंत भराभर दाबत फिरले. बाईंनी न सांगता दोन्ही हात जरा वर उचलले. आयुष्यभर त्यांनी लोकांची अंगं चाचपली होती. त्यांचं अंग असं कुणी चाचपलं नव्हतं.

"काही मोडलेलं नाही," सून म्हणाली. तिने बाईंचा हात सोडला नाही. "आई, मला काय वाटलं माहितीय का..."

फिटर बराच मागून येत होता. त्याने गाडी खाली सपाटीवर उभी केली आणि धावत चढून आला. आधी पडलेल्या गाडीच्या पेट्रोलचा कॉक बंद केला, मग दोघींकडे पाहिलं. दोघी बसलेल्या, बोलत असलेल्या दिसल्या तसा तो कठड्याशी खाली बसला. काही बोलायला गेला, पण त्याची हनुवटी एकसारखी हलत होती. त्याने ती हाताने धरून ठेवली.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. फाटकावर बघायच्या तशाच, आधी डोळे, मग गळा, मग हात. चेहरे वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. या चेहऱ्यात कुठे काही लपवलेलं नव्हतं.

त्या सरकत त्याच्याजवळ गेल्या.

"काही बोलला होता का रे तो?"

हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

फिटरने बाहीने नाक पुसलं. "गाडीचा कॉक बंद कर, पेट्रोल सांडतंय, म्हणाला. मग म्हणाला..."

"बोल."

"म्हणाला, आईला सांगायला तू जाऊ नकोस, ती आधी तुझीच झडती घेईल. आणि हसला, मावशी. खरंच हसला. मग बोलला नाही काही."

बाईंना हसू फुटलं. ते अर्ध्यावर कुठेतरी मोडलं आणि त्यांनी तोंड ओंजळीत घेतलं. सून त्यांच्या पाठीला टेकून बसली. कुणी कुणाला उगी केलं नाही. वरून एक ट्रक आला, वळणावर हळू झाला, आणि तिघांना सावकाश वळसा घालून गेला.

बऱ्याच वेळाने बाई उठल्या, कपडे झटकले आणि फिटरला म्हणाल्या, "उचल ती गाडी. आणि डबा आणलाय ना हिने, तो खाली जाऊन तिघं मिळून खाऊ. तसा जडच आहे."

उतरतानाही त्या सुनेच्याच मागे बसल्या. फिटरने सांगितलं होतं की उतार चढापेक्षा वाईट. गिअर खालचा ठेवायचा, इंजिनालाच गाडी धरू द्यायची, ब्रेक गोंजारल्यासारखा लावायचा. बाईंनी हात सुनेच्या कमरेशी नुसते टेकवले. गाडी डुलली तशा डुलल्या. वळण कधी आलं आणि कधी गेलं ते त्यांना कळलं नाही, कारण त्यांनी डोळे मिटले होते.

महिनाअखेरीला सून वर हजर झाली. सकाळी जायची, दिवेलागणीच्या आधी यायची. बाई दारात उभ्या राहत नसत. फिटर अधूनमधून यायचा, गाडीची चेन बघायचा, चहा घेऊन जायचा. जुनी सवय म्हणून बाई त्याला एखादा प्रश्न वाकडा विचारायच्या. सुंभ जळला तरी पीळ राहतोच. तोही सवयीने सरळ उत्तर द्यायचा.

मग एका दिवशी बाईंनी लांब दांड्याचा खराटा विकत घेतला. बसने शेवटच्या थांब्यावर उतरल्या आणि बसत-उठत चढ चढून गेल्या. वळणाच्या पोटातली सुटी खडी त्यांनी लोटून कडेला नेली. गाडीचं चाक जाईल एवढा पट्टा खालची घट्ट माती दिसेपर्यंत साफ केला. चार दिवसांत ट्रकांनी पुन्हा खडी उडवली. बाई पुन्हा गेल्या.

असंच एका संध्याकाळी त्या लोटत होत्या तेव्हा वर जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"रस्ता खात्याच्या का मावशी?"

"नाही."

"मग कुणी लावलंय हे काम?"

"कुणी नाही."

त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खराटा पाहिला, कडेची पिशवी पाहिली, आजूबाजूला अजून कुणी लपलंय का तेही पाहिलं. ही बाई इथे कशासाठी, हे त्याला जुळत नव्हतं. बाईंना ती नजर चांगली ओळखीची होती. त्यांनी खराटा टेकवला आणि त्याचं बघून होईपर्यंत शांत उभ्या राहिल्या.

वरून मोटारसायकलचा आवाज आला. सून संथपणे उतरत होती, पायटांवर जराशी उठलेली, नजर लांब. तिने ट्रक पाहिला, खराटा घेतलेली सासू पाहिली, पण वळणात ती थांबली नाही, ब्रेकलाही हात लावला नाही. साफ केलेल्या पट्ट्यावरून चाक सरळ गेलं. खाली जिथे रस्ता सपाट होतो तिथे तिने गाडी थांबवली आणि मागे वळून पाहिलं.

ट्रक घरघरत वर निघून गेला. त्याच्या चाकांनी थोडी खडी परत पट्ट्यावर उडवली.

"आई, चला! अंधार पडेल!" सुनेने खालून हाक मारली.

"आले गं, थांब जरा," बाई म्हणाल्या, आणि कडेपासून पुन्हा लोटायला लागल्या.